आईचा दाब, दर सोमवारी पाच वाजता

आईला बीपी आहे हे आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळलं. ती चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून वसईत आली होती. नंदाखालच्या आमच्या वाडीत केळी आणि नारळीच्या मधल्या जागेत तिची सोनचाफ्याची झाडं आहेत. सकाळी लवकर फुलं खुडताना कुठली उमललीय आणि कुठली अजून एक दिवस ठेवायची हे तिला नीट दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, अर्धा तास बसवून ठेवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन आत बराच वेळ बघितलं. बाहेर आल्यावर चष्म्याविषयी एक अक्षर न बोलता त्यांनी मला विचारलं, "यांचं बीपी शेवटचं कधी तपासलं होतं?"

कधीच नाही, असं मी सांगितलं. आई अडुसष्ट वर्षांची होती आणि तापाशिवाय कसलं दुखणं तिला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मला टेबलाशी बोलावलं आणि एका चित्रावर पेन टेकवून समजावलं. शरीरातल्या रक्तवाहिन्या काही न कापता सरळ बघता येतात अशी जागा एकच, डोळ्याच्या मागचा पडदा. आईच्या पडद्यावरच्या नसा जागोजागी अरुंद झाल्या होत्या. वर्षानुवर्षं जास्त दाबाने रक्त वाहिलं की असं होतं, ते म्हणाले. दाब आवरला तर नुकसान इथंच थांबेल. नाही आवरला तर एखादी नस कधीतरी दगा देईल. ती डोळ्यातली असेल, मेंदूतली असेल, मूत्रपिंडातली असेल, ते आपल्या हातात नाही. डोळ्याचं भय त्यांना सगळ्यात जवळचं वाटत होतं. मग त्यांनी तिथंच पट्टा बांधून मोजलं. वरचा आकडा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे चार.

"पन मला तर काय होत नाय," आई म्हणाली.

ते खरंच होतं. या आजाराची हीच पंचाईत आहे. दात दुखला तर माणूस धावत जातो. दाब वाढला तर माणूस फुलं खुडतो, बाजारात जातो, चार माणसांचा स्वयंपाक करतो आणि आपण ठणठणीत आहोत असं शपथेवर सांगतो.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या धंद्याचा मोठा हात आहे. वसई पूर्वेच्या एका लहान युनिटमध्ये मी सत्तावीस वर्षं प्रेशर गेज तपासतोय. बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर घड्याळासारखी तबकडी असते, तिच्यातला काटा आतला दाब दाखवतो. वापरून वापरून काटा खोटं बोलायला लागतो. तो किती खोटं बोलतो हे आम्ही आमच्या खात्रीच्या गेजशी ताडून बघतो आणि दाखला देतो. म्हणजे दाब हा माझा रोजचा विषय. डॉक्टरांनी 'दाब' म्हटल्याबरोबर मला आपल्या अंगणात आल्यासारखं वाटलं. डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं असं मी तोंडाने कधी म्हणालो नाही, पण मनात बरेचदा म्हणालो.

आगाशीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दिवसाला दोन, एक सकाळी आणि एक रात्री, खाल्ल्यानंतर. त्यांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईतून चालत गेलेली. आईला ते वाचता येणार नव्हतं, म्हणून मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा रिकामा केला, त्यात पाकिटं भरली आणि झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: सकाळी नाश्त्यानंतर. रात्री जेवणानंतर. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. मला स्वतःला औषधाने पित्त होतं, म्हणून ते घातलं. आईकडून तीनही वाक्यं म्हणून घेतली. तिने शाळेतल्या मुलीसारखी म्हणून दाखवली आणि वर हसली. मला ते हसणं आवडलं नव्हतं. मी म्हणालो, "हसू नको. डोळा जाईल."

दाब मोजायचं यंत्र मी विकत आणलं आणि मोजण्याची शिस्त बसवली. आमच्या कामाचा पहिला नियम असा की परिस्थिती बदलायची नाही. गेज आज थंड असताना तपासलं आणि उद्या गरम असताना, तर दोन्ही आकडे कचऱ्यात. आईचंही तसंच करायचं ठरवलं. तीच लाकडी खुर्ची, डावा हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही वर केलेली, पाय जमिनीला टेकलेले, आधी पाच मिनिटं गप्प बसणं. वार तोच आणि वेळही तीच. आमच्या युनिटची सुट्टी सोमवारी असते, कारण रविवारी मोठे कारखाने बंद असतात आणि तेव्हाच त्यांचे गेज उतरवून, तपासून परत बसवता येतात. म्हणून मी नायगावच्या आमच्या फ्लॅटवरून दर सोमवारी दुपारी स्कूटरने निघायचो, वसई, निर्मळ करत नंदाखालला पोचायचो, आणि बरोबर पाच वाजता पट्टा बांधायचो. आकडे आलेखाच्या कागदावर टिंबांनी मांडायचो. इतकं काटेकोर बीपी पंचक्रोशीत कोणाचं मोजलं जात नसेल असा मला अभिमान होता.

आकडे काही उतरत नव्हते. एकशे अडुसष्ट, एकशे बहात्तर, एकशे चौसष्ट, पुन्हा एकशे सत्तर. डॉक्टरांनी आईला विचारलं, गोळ्या नियमित घेता ना? "सांगितल्याप्रमानं घेते," ती म्हणाली. मी शेजारी बसून मान डोलावली. मग गोळी बरोबर आहे आणि माणूसही बरोबर आहे, तर चूक खाण्यात असणार, असा मी हिशेब लावला आणि मिठाच्या मागे लागलो.

वाडीतल्या घरात मिठाला तोटा नसतो. कैरीचं लोणचं, तळायच्या मिरच्या, पापड, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले सुके बोंबील आणि जवळा. एका सोमवारी मी हे सगळं दोन पिशव्यांत भरून नायगावला घेऊन आलो. टाकून द्यायचं जिवावर आलं, तेव्हा आम्ही नवराबायकोने ते पुढचे दोन महिने खाल्लं, बोंबील भाजताना मजल्यावरच्या लोकांनी नाकं मुरडू नयेत म्हणून दार-खिडक्या लावून. तिकडे आई अळणी आमटी खात होती. आकडा तरीही एकशे सत्तर.

तेव्हा मी तिला म्हणालो की तू चोरून खातेस.

ती खुर्चीतच बसलेली होती, पट्टा दंडावर. तिचा चेहरा उतरला हे मला दिसलं, आणि चोरी पकडली गेल्यामुळे उतरला असं मी समजलो. दंडावरचा पट्टा सोडवत ती म्हणाली, "जेवून जा आज. चाखून बघ."

मी थांबलो. तिने संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पाटावर बसली, आणि आम्ही दोघं जेवलो. आमटीत मिठाचा कण नव्हता. भाजीत नव्हता. मी घास गिळत होतो आणि मनात म्हणत होतो की आज मी आहे म्हणून घातलेलं नाही. दिवसभर तोंडात पाण्याशिवाय काही नसलेली बाई माझ्यासमोर बसून तिचा उपास सोडत होती, आणि मी तिच्या आमटीची तपासणी करत होतो. आज ते आठवलं की माझा मलाच वीट येतो.

डॉक्टरांनी एकदा मात्रा वाढवली. दोन महिन्यांनी आणखी वाढवली. दुसऱ्या वाढीनंतर आईचे फोन यायला लागले, तेही आठवड्याच्या मधेच. मंगळवारी नाहीतर बुधवारी. "गरगरतंय रे. चाफ्याखाली बसले होते मगाशी." एकदा विहिरीच्या काठावरून उठताना तोल गेला आणि शेजारणीने धरलं. मी फोनवर तिला शास्त्र सांगितलं. दाब वाढलेला असला की गरगरतं. सोमवारी एकशे शहात्तर होता, बघितलंस ना. म्हणूनच मात्रा वाढवलीय, धीर धर. तिने ते मानलं. माझं म्हणणं ती नेहमीच मानायची, कारण बारावीनंतर डिप्लोमा केलेला घरातला मी पहिला. त्या मंगळवारी कुणीतरी तिच्या दंडाला पट्टा बांधला असता तर आकडा उलट दिशेला घसरलेला दिसला असता. पण मंगळवारी यंत्र टेबलावर असायचं आणि मी कारखान्यात असायचो. तिला ते वापरू द्यायचं नाही असं मीच ठरवलं होतं, आकडे बिघडतील म्हणून.

मग श्रावण आला. श्रावणाच्या चारही सोमवारी मी गेलो. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे ऐंशी, एकशे शहाऐंशी, एकशे ऐंशी. कागदावरची टिंबं वर चढताना बघून मला तिचा संतापच यायला लागला. इतकं करूनही ऐकत नाही म्हणजे काय, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही त्यांना एकदा नीट विचारा तरी. मी म्हणालो, काय विचारायचं ते सगळं विचारून झालंय.

गणपती येऊन गेले. त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी सातला आईचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. डाव्या डोळ्यापुढे जळमट आलंय, म्हणाली. चेहरा दोनदा धुतला तरी जात नाही. चाफ्याची झाडं अर्धीच दिसतायत.

मी रिक्षा करून गेलो, कारण तिला स्कूटरवर बसवायची हिंमत झाली नाही. ती ओटीवर तयार होऊन बसली होती, हातात तो पत्र्याचा डबा. डॉक्टर औषधं विचारतील म्हणून तो बरोबर घ्यायचं तिला सुचलं होतं, मला सुचलं नव्हतं. वसईत डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि सांगितलं की पडद्यावरची एक नस तुंबलीय आणि तिथून रक्त उतरलंय. उपचार करता येतील, पण आधी दाब खाली यायला हवा. त्यांनी आम्हाला लगेच जवळच्या दवाखान्यात पाठवलं.

त्या डोळ्याचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो. इंजेक्शनं झाली, महिनोन्महिने फेऱ्या झाल्या. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर तिला त्याचे खांदे आणि केस दिसतात, तोंडाच्या जागी करडा डाग. उजवा डोळा चांगला आहे म्हणून तिचं अडत नाही, असं ती म्हणते. फुलं ती अजून खुडते, हात लावून लावून.

दवाखान्यात एक नर्स होती, पंचविशीची असेल. तिने पट्टा बांधला, आकडा बघितला, परत बांधला. एकशे शहाण्णव आणि एकशे दहा. तिच्या कपाळावर आठी आली, पण आवाज तिने शांत ठेवला.

"आजी, आज सकाळची गोळी घेतली का?"

"आज सोमवार आहे ना," आई म्हणाली.

नर्सला काही कळलं नाही. "सोमवार असला म्हणून काय झालं?"

"उपास असतो." ही गोष्ट जगात सगळ्यांना माहीत असते अशा सुरात आईने सांगितलं. "सोमवार, शनिवार. एकादशी, चतुर्थी. आनि आता श्रावन झाला, तवा पूर्न महिना रातचं एकदाच जेवले. सकाळी मी काय खात नाय. खाल्लं नाय तर सकाळची गोळी कशी घेनार? रातची घेते ना, जेवनानंतर. ती कधी चुकवली नाय."

"पण सकाळची सोडायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मांडीवरचा डबा पुढे केला. "लिहिलंय ना, झाकनावर. रिकाम्या पोटी घ्यायची नाय."

माझं अक्षर नर्सने वाचलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला राग आला, आणि लाज वाटते सांगायला, पहिल्यांदा आईचाच आला. आठ महिन्यांत एकदाही हे बोलायला काय झालं होतं तिला? तो राग दोन-तीन श्वासांपुरता टिकला. तिने बोलायचं काय होतं? सांगितलेलं ती तंतोतंत करत होती. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सोमवारचा उपास ती माझ्या जन्माच्या आधीपासून करतेय. मला तो ठाऊक होता, आणि झाकणावरचं वाक्यही ठाऊक होतं, ते मीच लिहिलं होतं. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच बाईच्या पोटात एकत्र येतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या कागदावर चौतीस टिंबं होती. चौतीसच्या चौतीस उपासाच्या दिवसांची, सकाळची गोळी न घेतलेल्या संध्याकाळची. ती बघून डॉक्टर मात्रा वाढवत गेले, आणि वाढलेली मात्रा आई मंगळवारी, बुधवारी पूर्ण घेऊन चाफ्याखाली बसत होती. वार बदलून एकदा जरी मोजलं असतं तरी हे उघडं पडलं असतं. माझ्या शिस्तीनेच ते झाकून ठेवलं होतं.

नर्स स्टूल ओढून आईसमोर बसली. "आजी, ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी चालते. पोटात काही नसलं तरी चालते. पाहिजे तर डॉक्टरांना विचारते, पण ही चालते. उपास करा तुम्ही. गोळी नाही सोडायची."

"पान्याबरोबर?"

"हो. नुसत्या पाण्याबरोबर."

"पानी तर मी पिते उपासाला," आई म्हणाली. तिने उजव्या हाताने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग पुन्हा म्हणाली, पण या वेळी कोणाला उद्देशून नाही, "मंग रोज घेतली असती की."

डॉक्टर आले, त्यांनी तिला तपासलं, दुसरं औषध सुरू करायला सांगितलं आणि दिवसभर ठेवून घ्या म्हणाले. वॉर्डात खाटेवर तिला झोपवलं. झोपल्या झोपल्या ती डावा डोळा झाकून आणि उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. किती दिसतं ते स्वतःच्या परीने मोजत होती. मी तिच्या पायाशी उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. चूक माझी, एवढं तरी. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

नर्स फॉर्म घेऊन आली. नाव, वय, गाव, आधीचे आजार असं सगळं लिहून झालं. शेवटी तिने विचारलं, "यांच्या औषधाचं घरी कोण बघतं?"

मी तोंड उघडायच्या आत आईने उत्तर दिलं. तिने माझ्या दिशेला मान वळवली, पण चांगला डोळा उशीला टेकला होता, म्हणून मी तिला कितपत दिसत होतो कोण जाणे.

"माझा मुलगा बघतो सगळं," ती म्हणाली. "लय काळजी घेतो."

नर्सने ते लिहून घेतलं आणि माझा फोन नंबर विचारला.